ताडपत्रीवाला, पंपवाला आणि चष्मेवाला

"ताडपत्रीवाला आज चपलेच्या दुकानात कायले गेला?"

सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी स्टेशनच्या फोनवर हा प्रश्न आला, तेव्हा माझा पहिला चहासुद्धा झाला नव्हता. राँग नंबर म्हणून मी फोन ठेवला. लगेच पुन्हा वाजला.

"राँग नाई जी," तीच बाई म्हणाली. "रेडिओ सागवानच ना? मंग बराबर आहे. आज तुमच्या ताडपत्रीवाल्याच्या मांगं चपलेवाला बोलला. अन् चष्मेवाला तर तीन हप्त्यांपासून आलाच नाई. त्याले झालं तरी काय?"

मी तापट माणूस आहे. बायको म्हणते, तुमच्या डोक्यावर पापड भाजून निघेल. त्या दिवशीही मी तडकून काहीतरी बोललो असतो, पण 'चष्मेवाला' म्हणताना त्या बाईचा सूर असा होता, जणू घरातलं माणूस तीन आठवडे बेपत्ता आहे. मी विचारलं, "तुमी कोन बोलता?"

"इंदूबाई. कळंबहून. गिरनीवाली."

फोन झाल्यावर मी बराच वेळ त्या वाक्याचा अर्थ लावत बसलो. अर्थ लागला तेव्हा मला माझीच लाज वाटली, कारण या सगळ्याचा कर्ता मीच होतो.

ते कसं, ते सांगतो. यवतमाळात साबणाच्या एका एजन्सीच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर आमचं रेडिओ सागवान आहे. मी तिथं पहिल्या दिवसापासून आहे. जाहिराती गोळा करणं, त्या मुद्रित करणं आणि कॉम्प्युटर सांभाळणं ही माझी कामं. २०१३ साली आमचे तेव्हाचे मालक रामलालजी यांनी सकाळी सहा ते सात शास्त्रीय संगीताचा तास सुरू केला. त्यांना स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "शास्त्रीय आयकनारा मानूस दुकानात भांडत नाई," एवढंच त्यांचं तत्त्व, आणि तेच सांगून आम्ही जिल्हाभरातल्या दुकानदारांना गटवलं. वणीचा ताडपत्रीवाला, दिग्रसचा फवारणी पंपवाला, दारव्ह्याचा चपलेवाला, यवतमाळच्या आर्णी रोडवरचे अब्दुल गनी चष्मेवाले असे बावीस जण तयार झाले. जाहिरात ज्याची त्यानं स्वतःच्याच आवाजात करायची, अशी टूम मीच काढली होती. आणि प्रत्येकाची एकच अट होती, गाण्यापेक्षा आमचा आवाज मोठा पाहिजे.

गाणी निवडायला पुसदहून पुंडलिकराव यायचे. शाळेतले निवृत्त संगीत शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. नावाजलेल्या गायकांच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं. म्हणून गुरुजींनी ओळखीपाळखीच्या गायक-वादकांकडून लेखी परवानगीसह बावीस ध्वनिमुद्रणं मिळवली. तेवढाच आमचा खजिना. रोज त्यातली तीन वाजवायची. दर रविवारी गुरुजी एसटीनं यायचे आणि आठवडाभराची निवेदनं मुद्रित करून जायचे. कोणता राग, कोण गातंय, त्यात काय ऐकायचं, हे ते गाण्याच्या आधी अगदी हळू, मऊ आवाजात सांगत. एकेका वाक्यावर घरी आठ आठ दिवस मेहनत करून आणत. जाहिरातीचं मात्र त्यांना वावडं होतं. ती मुद्रित करायची वेळ आली की ते बाहेर जिन्यात जाऊन उभे राहत.

आता माझा प्रताप. आमचा कॉम्प्युटर तेव्हा इतका रडका होता की गाणं संपवून जाहिरात उघडेपर्यंत मध्ये अर्धा मिनिट शांतता पडायची. मी एके दिवशी वैतागून प्रत्येक गाण्याच्या शेपटीला एकेक जाहिरात कायमची चिकटवून टाकली. गाणं आणि जाहिरात मिळून एकच फाईल. फाईलला नाव दिलं क्लासिकल एक, क्लासिकल दोन, असं बावीसपर्यंत. त्यानंतर मी त्या तासात खुर्चीवर निवांत झोपा काढल्या. वर्षं गेली. ताडपत्रीचं दुकान बंद पडून तिथं मोबाइलचं झालं. गनीभाईंनी दुकान मुलाच्या, आसिमच्या हाती दिलं आणि आसिमनं पाटीच बदलली. जाहिराती मात्र चालूच राहिल्या, कारण शेपट्या तोडायचा कंटाळा.

मग रामलालजींनी स्टेशन विकलं. नव्या कंपनीचं ऑफिस पुण्याला. त्यांनी एक सॉफ्टवेअर बसवलं, जे तिकडूनच सगळं ठरवतं. पहिला हुकूम आला, फुकट चाललेल्या जाहिराती ताबडतोब काढा. दुसरा हुकूम, निवेदनं बंद, गाणं सलग जाऊ द्या. गुरुजींना हे फोन करून सांगायला हवं होतं. मी दोन ओळींचा मेसेज पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

जाहिराती कापून मी गाणी मोकळी केली. त्यांच्यामागं आता सॉफ्टवेअर हाताला लागेल ती जाहिरात लावत होतं. दारव्ह्याच्या चपलेवाल्यानं तेवढा नवीन करार केला होता. म्हणून ताडपत्रीवाला चपलेच्या दुकानात गेला.

त्याच आठवड्यात पुण्याहून तिसरा हुकूम आला. सकाळच्या तासाला श्रोते नाहीत, एक तारखेपासून तिथंही सिनेमाची गाणी. मला त्याचं फार दुःख झालं असं म्हणालो तर खोटं ठरेल. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. श्रोते नाहीत म्हणतात, मग ही बाई कोण? आणि ती गाण्याला ताडपत्रीवाला का म्हणते? पुढच्या गुरुवारी मी लॅपटॉप बॅगेत टाकला आणि मोटारसायकल काढून कळंबला गेलो.

चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर इंदूबाईंची गिरणी आहे. पत्र्याचं शेड, आत एक जातं गव्हाचं, एक ज्वारी-डाळीचं. इंदूबाई साठीला टेकलेल्या, बुटक्या, काटक. भुवयांवर, कानांवर, पदरावर सगळीकडे पीठ. गिरणी गेली तेवीस वर्षं त्याच चालवतात. नवरा वावर पाहतो. मुलगा वणीला कोळशाच्या ट्रकवर आहे. भिंतीवर खिळ्याला एक जुना रेडिओ प्लास्टिकच्या पिशवीत घालून टांगलेला. पिशवी पिठासाठी, आणि पिशवीला आवाजापुरतं भोक.

"बसा, अतुलभाऊ," पोत्यावरचं पीठ पदरानं झटकत त्या म्हणाल्या. "तुमी तर जवानच निंगाले. फोनवर म्हाताऱ्यावानी खेकसता."

मी हसलो आणि मुद्द्यावर आलो. "काकू, गान्याले ताडपत्रीवाला कायले म्हनता?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू स्टेशनवाल्यानं हे विचारावं याचंच नवल. "ज्या गान्याच्या मांगून ताडपत्रीवाला बोलते, ते ताडपत्रीवाला. पंपवाल्याचं ते पंपवाला. मंग त्याले दुसरं काय म्हनू?"

"पन नावं तं आमी सांगत होतो ना. नऊ वर्षं गुरुजी सांगत होते, गान्याच्या आंधी."

"सांगत असतीन बाप्पा. मले कुठून आयकू येनार?"

मग सगळं उलगडलं. सकाळी सहाला पहिलं दळण लागतं ते होस्टेलच्या मेसचं. गिरणीच्या घरघरीत गुरुजींचा मऊ आवाज कुठे ऐकू येणार? बोलणं संपून गाण्याचा सूर लागला, तो कसाबसा त्यांच्या कानावर पडला, की त्या पट्टा थांबवायच्या. गाणं होईपर्यंत गिरणी बंद. गाणं संपलं की लगेच पुन्हा पट्टा. जाहिरात मात्र घरघरीतही ऐकू यायची, ती तर ओरडूनच. पुढच्या गाण्याचं निवेदन पुन्हा घरघरीत बुडायचं. नऊ वर्षं रोज तीन वेळा हा प्रकार. कळंबातल्या अर्ध्या बायका यावरून त्यांच्या नावानं बोटं मोडतात. डबे घेऊन ताटकळायला लागतं म्हणून किती तरी गिऱ्हाइकं दुसऱ्या गिरणीकडे वळली.

"कायले करता मंग?" मी विचारलं.

इंदूबाईंनी रेडिओच्या पिशवीवरचं पीठ पुसलं. मग म्हणाल्या, "मले जन्मात दुसरं काई येवढं आवडलंच नाई. माह्या घरात कोनालेच नाई आवडत. लेक म्हनते, आई, हे काय रडगानं लावलं. मी कोनाले विचारू का हे काय आहे? आता तुमी म्हन्ता, एक तारखेपासून बंद. लेकानं मोबाइल देल्ला, त्यात म्हने नाव सांगतलं का गानं लागते. मी सांगतलं, ताडपत्रीवाला लाव. तं त्यानं ताडपत्रीची दुकानं दाखोली."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. तारीख चोवीस होती. सात दिवसांनी तास बंद झाला की या बाईची बावीस गाणी जगात कुठंच सापडणार नव्हती, कारण तिला ठाऊक असलेली नावं माझ्या एका आळसातून आली होती आणि ती तिच्याखेरीज कुणाला माहीत नव्हती.

"नावं लिहून द्या मले, अतुलभाऊ. येवढंच करा. मंग मी पाहून घेईन."

मला कुठे नावं माहीत! माझ्याकडे क्लासिकल एक ते क्लासिकल बावीस. गुरुजींनी दिलेला मूळ कागद ऑफिस रंगवताना रद्दीत गेला होता. आता एकच माणूस उरला होता, ज्याला मी दोन ओळींच्या मेसेजवर वाऱ्यावर सोडलं होतं. मी गिरणीतूनच पुसदला फोन लावला.

"हां, अतुलराव," गुरुजी म्हणाले. 'राव' ऐकूनच मला कळलं की राग अजून उतरलेला नाही. मी आधी माफी मागितली. मग सगळं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे, पण जाहिरातींची नावं आल्यावर उसळले.

"ताडपत्रीवाला? अहो, एवढ्या मोठ्या रागाला ताडपत्रीवाला?"

मी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि लॅपटॉपवर पहिली फाईल लावली. इंदूबाई डोळे मिटून चार-पाच क्षण ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "ताडपत्रीवाला."

"तोडी," फोनमधून गुरुजी म्हणाले. "बाई, तोडी म्हणा."

"तोडी म्हंजे काय जी?"

"तोडी म्हणजे... तोडीच."

"मंग ताडपत्री बरी ना. ती निदान दिसते तरी."

मी वहीत लिहीत होतो. दुसरी फाईल तेलवाल्याची, ललत. तिसरी ट्रॅक्टरवाल्याची, भैरव. गुरुजींचा आवाज कोरडाच होता, कारकुनानं शिक्के मारावेत तसे नावं सांगत होते. सातवी फाईल लावली. ती गाण्याची नव्हती, सरोदची होती.

"पंपवाला," इंदूबाई म्हणाल्या. "हा अन् ताडपत्रीवाला सख्खे भाऊ आहेत. तो गाते, हा वाजोते, पन घर एकच."

फोनमध्ये काहीच ऐकू येईना. मला वाटलं, लाइन गेली.

"गुरुजी?"

"तोडीच आहे," ते सावकाश म्हणाले. "बाई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगनार कोन? आयकूनच समजते ना."

मला गंमत वाटली. मी गुपचूप लॅपटॉपवरूनच नेटवर 'तोडी' टाकून कुणातरी तिसऱ्याच गायिकेचं गाणं लावलं, जे आमच्या स्टेशनवर कधीच वाजलं नव्हतं. इंदूबाईंनी आयुष्यात न ऐकलेलं. त्या क्षणभर गोंधळल्या, मग चेहरा खुलला. "ही कोन? हे बी त्याच घरचं. सून असंन." मी भैरव लावला. "ट्रॅक्टरवाला." ललत लावला. "तेलवाला, पन लय घाई आहे याले." मी तास दीड तास हा खेळ केला. एकदाही त्या चुकल्या नाहीत. आपल्या हाताखालून एवढी वर्षं जे गेलं ते काय होतं, असा प्रश्न मला त्या दिवशी पोत्यावर बसून पहिल्यांदा पडला.

गुरुजींचा सूर आता पार बदलला होता. त्यांनीच इंदूबाईंना विचारायला सुरुवात केली. याचा शेवट कसा वाटतो, तो आणि हा वेगळा कशानं. मध्येच त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, मी आधी सगळं सांगायचो. आलापात काय ऐका, कुठे थांबा. त्यातलं काहीच कानावर आलं नाही का?"

"नाई जी," इंदूबाई म्हणाल्या. "तवा गिरनी चालू राहे."

गुरुजींनी "बरं" म्हटलं. नऊ वर्षांची रविवारची एसटी त्या एका शब्दात होती, आणि मला तिथं पिठात तोंड लपवावंसं वाटलं.

एकवीस फाइली झाल्या. मी बाविसावी शोधली तर ती उघडेना. आकार शून्य. जाहिरात कापताना मी तिचा गळाच कापला होता.

"चष्मेवाला नाई यात," इंदूबाई म्हणाल्या. त्यांना ते मोजायची गरज नव्हती. "तोच तं हरवला. मी म्हनलं ना तीन हप्त्यांपासून."

त्यांनी मला कबुलीजबाब द्यायला लावला नाही. माझ्या तोंडाकडे पाहूनच त्यांना समजलं. त्या उठल्या, जात्याच्या कडेचं पीठ उगाचच हातानं गोळा करायला लागल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "एकवीस भेटले, बस झालं. पन माहा जीव होता त्याच्यावर."

"गुरुजी, चष्मेवाला कोणता होता?" मी विचारलं.

"जाहिरातीच्या वेळी मी जिन्यात असायचो, अतुल. मला काय माहीत कोणत्या गाण्यामागे तू काय डकवलंस?" ते म्हणाले. मग विचारलं, "बाई, तुम्ही गुणगुणता का?"

इंदूबाई लाजल्या. साठ वर्षांची बाई पदर तोंडाशी धरून उभी राहिली. दाराशी डबे घेऊन दोन बायका आल्या होत्या, त्यांना त्यांनी हातानंच थांबवलं. मग भिंतीकडे तोंड करून गुणगुणल्या. आवाज काही गोड नव्हता, पण तो कुठं जायचं ते ठाऊक असलेल्या माणसासारखा नीट चालला होता. दारातल्या बायका हसणं विसरून ऐकू लागल्या.

"गुणक्री," गुरुजी म्हणाले. लगेच, "थांबा. जोगिया असेल. दोघांचे सूर जवळजवळ तेच. परत म्हणा."

त्या परत म्हणाल्या. गुरुजींची खात्री होईना. मी म्हणालो, दोन्ही लिहून देतो, त्या पाहून घेतील. गुरुजी भडकले. "खोटं नाव देणार नाही मी. एक जन्म पुरत नाही माणसाला एक खोटं नाव पुसायला." मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "बाई, मला एकच सांगा. वरून खाली उतरताना, वरच्या सुरानंतर लगेच, मध्ये एखादी पायरी लागते का? की थेट खालच्या पायरीवर उडी?"

इंदूबाईंनी डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दोनदा तीनदा त्या मनातल्या मनात उतरल्या.

"आहे जी एक पायरी," त्या म्हणाल्या. "पन तिच्यावर पाय देत नाई तो. तापल्या तव्याले बोट लागावं तसा नुसता लागते अन् पुढं पयते."

"जोगिया," गुरुजी म्हणाले. "जोगियाच. गुणक्रीत ती पायरी नाही." मग फोन बंद करायच्या आधी म्हणाले, "अतुल, रविवारी येतोय मी. मशीन तयार ठेव."

रविवारी, सत्तावीस तारखेला, ते खरंच आले. मी वही दिली होतीच, पण इंदूबाईंना वाचायला त्रास व्हायचा आणि वहीतलं नाव कोणत्या गाण्याचं हे पुन्हा ताडपत्रीवरूनच शोधावं लागायचं. गुरुजींनी तोड काढली. उरलेल्या चार दिवसांत सकाळच्या तासात नेहमीची तीन सोडून पाच-सहा गाणी लावायची, छोटी करून, म्हणजे सगळी होतील. आणि नाव गाण्याच्या आधी नाही, नंतर सांगायचं. जाहिरातीच्या जागी.

पहिलं नाव ते आपल्या जुन्या मऊ आवाजात बोलले. मी म्हणालो, "गुरुजी, असं नाही चालणार. ताडपत्रीवाल्यासारखं पाहिजे. गिरणी भेदून गेलं पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिक्षकी डोळे. मला वाटलं, आता उठून जिन्यात जातील. पण त्यांनी घसा खाकरला आणि पुसदच्या बाजारात आवाज द्यावा तसे ओरडले, "तोडी! तोडी! तोडी!" खालच्या साबणाच्या एजन्सीतला माणूस काय झालं म्हणून वर पाहायला आला.

सोमवारपासून नावं सुरू झाली. बुधवारी पुण्याहून ईमेल आली. सॉफ्टवेअरनं जाहिरातीच्या जागी वाजलेल्या सगळ्यांची यादी काढली होती. तोडी, ललत, भैरव, रामकली, बिभास. हे ग्राहक कोण आहेत, यांची नोंदणी का नाही, असा सवाल होता. त्या यंत्राचीही तीच गत झाली होती जी इंदूबाईंची झाली होती, फक्त उलट्या बाजूनं. मी उत्तर दिलं, फार जुने ग्राहक आहेत, एकतीस तारखेला आपोआप बंद होतील. पलीकडून 'ठीक' असं उत्तर आलं.

एकतीस तारखेला पहाटे मी स्टेशनला पोचलो तर गुरुजी जिन्यात उभे. आदल्या संध्याकाळच्या एसटीनं येऊन भाच्याकडे मुक्कामाला राहिले होते. काखेत शाल, हातात मोबाइल, त्यात तानपुऱ्याचं ॲप.

"जोगिया राहिला ना," ते म्हणाले. "फाईल तुझी गेली. गळा माझा नाही गेला अजून."

सहा वाजता त्यांनी मला पुण्याचं सॉफ्टवेअर थांबवायला लावलं आणि माइक स्वतःकडे ओढला. मी म्हणालो, गुरुजी, आत्ता बोलून उपयोग नाही, काकूंची गिरणी चालू असेल. त्यांनी हातानं मला गप्प केलं आणि जुन्या मऊ आवाजात बोलू लागले. आज शेवटचा दिवस, आज कोणते राग, कुठे कान द्यायचा. घरून लिहून आणलं होतं, चार ओळी, कागद चार घड्यांचा. मला वाटलं, म्हाताऱ्याची हौस आहे, होऊ द्या.

पावणेसातला मी सॉफ्टवेअरकडून पुन्हा ताबा काढून घेतला. गुरुजी गायला लागले. वय ऐंशीच्या पुढचं. वरच्या सुराला आवाज फाटला, श्वास पुरला नाही, दोनदा खोकला आला. पण उतरताना मी कान देऊन ऐकलं. ती पायरी आली. त्यांनी तिला बोट लावलं आणि पुढं गेले. नऊ वर्षं त्या खुर्चीवर झोपलेल्या मला ती पायरी ऐकू आली, आणि खरं सांगतो, मला रडू आलं.

गाणं संपलं. गुरुजींनी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "जोगिया!"

मी बटणाकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं. आणि जो माणूस नऊ वर्षं जाहिरातीच्या वेळी जिन्यात जाऊन उभा राहिला, तो गनीभाईंच्या थेट हेलात माइकमध्ये म्हणाला, "डोये चोळून काय पाहून राह्यले? चष्मा लावा ना जी! गनी चष्मेवाले, आर्णी रोड, यवतमाळ!"

जिन्यातून त्यांना सगळं ऐकू येत होतं तर.

सात वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. मी उचलला.

"अतुलभाऊ, चष्मेवाला आला," इंदूबाई म्हणाल्या. "गुरुजी आहेत का तिथं? द्या त्याहिले."

मी फोन मोठ्या आवाजावर टाकून गुरुजींच्या पुढे ठेवला.

"गुरुजी, तुमी सहाले जे बोलले ना, बिभासमध्ये कुठं थांबाचं अन् काय काय, ते समदं आयकलं जी मी."

"कसं?" गुरुजींनी विचारलं. "गिरणी?"

"आज लावलीच नाई. मेसवाल्याले कालच सांगून देल्लं, उद्या सातच्या आंधी पीठ भेटनार नाई. आज सहाले मी रेडिओजवळ खाली बसली, पयल्यापासून. नऊ वर्षं तुमी बोलत होते, मी म्हनलं एक डाव तरी आयकावं." मग त्या म्हणाल्या, "लय गोड बोलता जी तुमी."

तिकडे मागून कुणीतरी बाई वैतागून ओरडली, इंदूबाई, गिरनी कवा सुरू करता? "करते व माय, करते," इंदूबाई म्हणाल्या, आणि पट्टा चढल्याचा आवाज आमच्या स्टुडिओपर्यंत आला. गुरुजी चार घड्यांचा तो कागद हातात धरून गिरणीची घरघर ऐकत बसले. फोन बंद करायचं मलाही सुचलं नाही.